डब्यावरचे नाव

ठाकुर्लीच्या आमच्या जुन्या घरात फडताळाच्या सर्वांत वरच्या फळीवर पत्र्याचा एक पिवळा डबा असे. त्यावर हिरव्या रंगाचे माडाचे झाड होते. आजी "तो डालडा काढ" म्हणाली, की तिला साबुदाणा हवा असे. कारण त्या डब्यात वर्षानुवर्षे साबुदाणाच भरलेला होता. आईच्या तोंडी मात्र डालडा म्हणजे दिवाळीत शंकरपाळ्यांच्या मोहनापुरते आणायचे, एरवी ज्याचा फारसा उच्चार करायचा नाही असे तूप. आणि चाळीच्या मागच्या बाजूला सकाळी रांगेत उभ्या राहिलेल्या मंडळींच्या हातात जे टमरेल असे, त्याच्यावरही तेच झाड असे. एकाच घरात, फार तर एकाच अंगणात, एका शब्दाचे तीन अर्थ नांदत होते आणि त्यांपैकी एकही अर्थ ज्या कंपनीने तो शब्द घडवला तिने योजलेला नव्हता.

घरगुती वापराच्या वस्तूंचा इतिहास आपल्याकडे लिहिला गेला तो बहुधा व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांतून: किती माल खपला, कोणी कोणाला गिळले, कोणाची जाहिरात गाजली. भाषेचा अभ्यास करणाऱ्यांनी त्याकडे फारसे पाहिलेले नाही. वस्तुतः गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत मराठी घरात जितकी नवी नामे आली, त्यांतली कितीतरी साबण, तूप, काडेपेटी आणि दंतमंजन यांच्या वेष्टनांवरून आली आहेत. हिंदुस्तान लिव्हर (२००७ पासून हिंदुस्तान युनिलिव्हर) या एका कंपनीच्या काही नावांचा माग काढला, तरी या नामांच्या मालकीचा प्रश्न किती गुंतागुंतीचा आहे ते ध्यानात येते.

सुरुवात साबणापासून होते. १८८८ साली कोलकात्याच्या बंदरात 'सनलाइट' साबणाच्या पेट्या उतरल्या आणि त्यांवर 'लिव्हर ब्रदर्स' या इंग्लिश पेढीचा ठसा होता. विल्यम लिव्हर हा बोल्टनच्या एका किराणा व्यापाऱ्याचा मुलगा. त्या काळी साबणाच्या लांबलचक कांड्या येत आणि दुकानदार त्यातून हवा तेवढा तुकडा कापून तोलून देई. लिव्हरने मापाचे तुकडे केले, कागदात गुंडाळले आणि त्यांना नाव दिले. त्याचे यश साबणापेक्षा या नावात अधिक होते. आपल्याकडे हा नवा जिन्नस आला तेव्हा मराठीने त्याला स्वयंपाकघरातला शब्द दिला: वडी. थापून, कापून केलेल्या पदार्थाची उपमा त्या तुकड्याला इतकी चपखल बसली, की 'साबणाची वडी' म्हणताना ही उपमा आहे हेही आपल्याला आता जाणवत नाही. मालासाठी मराठीत 'छाप' हा दुसरा शब्द होता. घोडा छाप, जहाज छाप, अमुक छाप. अक्षरओळख नसलेले गिऱ्हाईक चित्रावरून माल ओळखे. इंग्रजी नाव वेष्टनावर होतेच, परंतु खेड्यापाड्यांत बरीच वर्षे खपत होती ती छाप.

सनलाइटच्या मागोमाग १८९५ साली 'लाइफबॉय' आला. पुढच्याच वर्षी मुंबईत प्लेगची साथ पसरली. या दोन घटनांचा कार्यकारणसंबंध जोडण्याचा मोह आवरलेला बरा, तरी कार्बोलिकचा तो उग्र वास आणि रोगजंतूंची नव्याने बसलेली धास्ती एकाच दशकात या शहरात शिरली, हे खरे. 'लाइफबॉय' म्हणजे बुडत्याला आधार देणारे तरंगते कडे, हा अर्थ आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक होता? मला पदवीच्या वर्गात जाईपर्यंत त्या तांबड्या वडीचा संबंध कुठल्यातरी 'बॉय'शी, धडधाकट खेळाडू मुलाशी आहे असेच वाटत असे. जाहिरातींनीही तो गैरसमज आनंदाने पोसला.

वनस्पती तुपाची कथा अधिक गुंतागुंतीची. लोण्याला पर्याय म्हणून मार्गारीन बनवणारे डच कारखानदार आणि साबण बनवणारे इंग्लिश लिव्हर बंधू या दोघांनाही कच्चा माल एकच लागे: तेल आणि चरबी. एकमेकांशी झगडण्यापेक्षा एकत्र यावे म्हणून १ जानेवारी १९३० रोजी युनिलिव्हर जन्माला आली. भारतात वनस्पती त्याआधीच, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपासून, हॉलंडहून येत होते. १९३१ साली 'हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी' नोंदली गेली आणि पुढच्या वर्षी मुंबईत शिवडी येथे तिचे उत्पादन सुरू झाले. १९३३ साली लिव्हर ब्रदर्स इंडिया स्थापन झाली आणि १९३४ मध्ये त्याच शिवडीत शेजारी साबणाचा कारखाना उभा राहिला. बंदर जवळ, रेल्वे जवळ आणि गिरणगावाची कामकरी वस्ती हाकेच्या अंतरावर. सविनय कायदेभंगाचे आणि परदेशी मालाच्या बहिष्काराचे ते दिवस होते. अशा वेळी परदेशी भांडवलाच्या कंपनीने स्वतःच्या नावात 'हिंदुस्थान' घालावे, यात व्यापारी शहाणपण होते असे मला वाटते.

'डालडा' हे नाव मात्र हिंदुस्थानी नाही आणि इंग्रजीही नाही. 'दादा' या डच नावाच्या मधोमध लिव्हरचा 'ल' बसवून ते तयार केले, असे त्याच्या व्युत्पत्तीबद्दल सांगितले जाते. १९३७ साली ते बाजारात आले. एका अक्षरामागे कंपनीच्या स्वामित्वाची मोहोर लपलेली असलेला, कुठल्याच भाषेत अर्थ नसलेला हा शब्द मराठीत मात्र अगदी घरचा वाटला. 'ड' आणि 'ळ-ल' यांचा सुकाळ असलेल्या भाषेत तो खटकला नाही. 'लाडका', 'डाळ', 'डल्ला' यांच्या शेजारी तो निमूट जाऊन बसला. बघता बघता त्याला विभक्तीप्रत्यय लागले आणि सामान्यरूपही झाले: डालड्यात तळलेले, डालड्याचा डबा.

वनस्पती तूप म्हणजे तेल तापवून, निकेलच्या संपर्कात, त्यातून हायड्रोजन वायू सोडून घट्ट केलेले स्निग्ध द्रव्य. पण ते नुसते घट्ट करून भागणार नव्हते. तुपाला कणी असते, म्हणून याला कणी आणली गेली. या कणीपाशीच सगळा वाद सुरू झाला. जे तुपासारखे दिसते, तुपासारखे रवाळ असते, ते तुपात मिसळले तर ओळखायचे कसे? गांधीजींनी १९४६ साली 'हरिजन'मधून वनस्पतीविरुद्ध लिहिले, त्यात भेसळीची ही चिंता ठळक होती. स्वातंत्र्यानंतर वनस्पतीवर सरसकट बंदी घालावी अशी मागणी संसदेपर्यंत गेली. बंदी आली नाही, परंतु सरकारने एक नामी अट घातली. वनस्पतीत ठरावीक प्रमाणात तिळाचे तेल मिसळलेच पाहिजे. तिळाच्या तेलाचा गुण असा, की साखर आणि तीव्र आम्ल यांच्याशी त्याचा संयोग झाला की गुलाबी-तांबडा रंग उमटतो. म्हणजे कोणी साजूक तुपात वनस्पती कालवले, तर परीक्षानळीत ते लाजेने लाल व्हावे अशी ही तजवीज होती. तुपासारखा रंग वा वास देण्यासही मनाई होती. पुढे 'अ' जीवनसत्त्व घालण्याची सक्ती झाली. एका स्वयंपाकाच्या वस्तूवर राज्यसंस्थेने इतके बारकाईने लिहावे, याचे मला अजूनही कुतूहल वाटते.

कायद्याने जी रेघ आखली ती घराघरांत आधीच आखलेली होती, आणि ती जातीची, वर्गाची, पाहुणचाराची रेघ होती. 'आम्ही साजूक तुपावर वाढलो, तुम्ही डालड्यावर' हे वाक्य आमच्या पिढीने कितीदा ऐकले असेल याची गणती नाही. दंडात जोर नाही, चाळिशीत चष्मा, परीक्षेत गुण कमी, सगळ्याचे खापर त्या डब्यावर. या टोमण्यात एक सोय होती. साजूक तूप ज्यांना कधीच परवडले नव्हते, त्यांच्यासाठी डालडा ही घसरण नव्हती. सणाला पुरणपोळीवर काहीतरी ओतता येणे, ही त्यांच्या घरात नव्याने आलेली ऐपत होती. तेव्हा 'डालडा' या शब्दातला तुच्छतेचा सूर एका विशिष्ट वर्गाचा आहे, आणि तो आपल्या ललित गद्यात प्रमाण सूर म्हणून वावरला, हे मराठीच्या शिक्षकांनी तरी विसरू नये. आरोग्याच्या दृष्टीने टोमणा मारणारे अगदीच चुकीचे नव्हते, हा भाग निराळा. अर्धवट घट्ट केलेल्या तेलातील ट्रान्स मेदाम्लांचे दुष्परिणाम पुढे सिद्ध झाले आणि २०२२ च्या आरंभापासून भारतात खाद्यतेले व मेद यांत त्यांची मर्यादा दोन टक्क्यांवर आणली गेली.

'लक्स'कडे वळले की भाषेऐवजी चेहरा समोर येतो. १९२९ पासून भारतात असलेल्या या साबणाच्या जाहिरातीत १९४१ साली पहिली भारतीय अभिनेत्री झळकली, ती लीला चिटणीस. धारवाडला जन्मलेली, पदवीधर, मराठी रंगभूमीवरून बॉम्बे टॉकीजपर्यंत पोहोचलेली. सिनेमात जाणाऱ्या बाईकडे ज्या समाजात संशयाने पाहिले जाई, त्या समाजातल्या एका शिकलेल्या स्त्रीचा चेहरा हजारो घरांच्या न्हाणीघरात मान्यता पावला. त्यात तिच्या पदवीचाही वाटा असावा, असा माझा तर्क आहे. 'चंदेरी दुनियेत' हे त्यांचे आत्मचरित्र १९८१ साली प्रसिद्ध झाले. स्त्रियांच्या आत्मकथनांचा अभ्यास करताना ते वाचले जाते, पण जाहिरातीच्या इतिहासाशी त्याचा धागा जोडलेला मी क्वचितच पाहिला आहे.

'सर्फ' १९५९ साली आला आणि त्याने घरातल्या कामाची शारीरिक मुद्राच बदलली. धुणे बडवायचे, घासायचे असते. ते बादलीत भिजत घालायचे असते हे आधी पटवावे लागले. धुण्याच्या पावडरीला मराठी शब्द मिळालाच नाही, 'सर्फ' हाच शब्द झाला. गुजरातेत करसनभाई पटेल यांनी १९६९ मध्ये सुरू केलेला स्वस्त 'निरमा' पुढे मध्यमवर्गीय घरांत घुसला, तेव्हा लिव्हरला आपल्या महाग पावडरीचे समर्थन करण्यासाठी ललिताजी नावाची काटकसरी, करारी गृहिणी दूरदर्शनवर आणावी लागली, आणि नंतर १९८७ च्या सुमारास 'व्हील' हे स्वस्त उत्तरही काढावे लागले. भाषेने या लढाईचा निकाल आपल्या पद्धतीने लावला. आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गिऱ्हाईक बिनदिक्कत 'निरमाचा सर्फ' मागत असे. दोन हाडवैरी षष्ठीच्या एका प्रत्ययाने एकत्र नांदत.

आमच्या या मध्य रेल्वेच्या पट्ट्यात अशा नावांचे दुसरेही भवितव्य दिसते. ती गावांच्या अंगाला चिकटतात. अंबरनाथला स्वीडिश भांडवलावर १९२० च्या दशकात 'विम्को'चा आगपेट्यांचा कारखाना निघाला. ज्या आयव्हार क्रुगर यांच्या साम्राज्याचा तो भाग होता त्यांनी १९३२ साली पॅरिसमध्ये आत्महत्या केली, जगभरच्या पेढ्या हादरल्या, आणि अंबरनाथला काड्या बनत राहिल्या. २००५ मध्ये कंपनी आयटीसीच्या हाती गेली. कारखाना गेला, विम्को नाका मात्र आहे. ठाण्यातला कॅडबरी नाका तसाच. उलट डोंबिवलीचे उदाहरण घ्यावे. केशव विष्णु पेंढरकर यांनी १९५२ साली सुरू केलेल्या 'विको'चा कारखाना इथला, आणि त्यांचे नाव आज आपल्याला परिचित आहे ते महाविद्यालयावरून. हळदीची क्रीम औषध की सौंदर्यप्रसाधन, या प्रश्नावर विकोने अबकारी खात्याशी वर्षानुवर्षे न्यायालयात झुंज दिली आणि ती औषधच ठरवून घेतली. शब्दाच्या व्याख्येवर कोट्यवधींचा कर अवलंबून असतो, हे कोशकारांना समाधान देणारे आहे.

परंतु नावांच्या मालकीचा सर्वांत विलक्षण प्रसंग मला वाटतो तो 'मोती' साबणाचा. दिवाळीची पहाट, तेल, उटणे आणि मोती साबण. हा क्रम मराठी माणसाला शास्त्रात सांगितल्यासारखा वाटतो. शास्त्रात अर्थातच उटणे आहे, मोती नाही. तो जाडजूड गोल साबण सत्तरच्या दशकातला, टाटा ऑइल मिल्स कंपनीचा. १९१७ साली स्थापन झालेली ही 'टॉम्को' म्हणजे साबणाच्या धंद्यातले स्वदेशीचे नाव. हमाम, ५०१, ओके ही तिचीच अपत्ये. लिव्हरच्या सनलाइटशी तिने पिढ्यानपिढ्या झुंज दिली. १९९३ साली टॉम्को लिव्हरमध्ये विलीन करण्याचा निर्णय झाला. टॉम्कोच्या १५ समभागांच्या बदल्यात लिव्हरचे २ समभाग असा तो व्यवहार होता. त्या व्यवहारात यंत्रे गेली, कामगार गेले, हमाम गेला, आणि सोबत दिवाळीची पहाटही गेली. आमच्या घरात ते कोणाच्याही लक्षात आले नाही. पुढच्या दिवाळीला त्याच वासाची तीच वडी आली. पुढे एका बहुराष्ट्रीय कंपनीने मराठी चाळीतल्या एका वृद्धाला पहाटे दारोदार उठवत फिरवले, आणि ती जाहिरात पाहून परदेशी गेलेल्या मुलांच्या डोळ्यांत पाणी आले. मीही त्यांतलाच. ते पाणी खोटे होते असे मी म्हणणार नाही.

या विलीनीकरणाला हरकत घेतली ती लिव्हरच्या कामगार संघटनेने. 'हिंदुस्तान लिव्हर एम्प्लॉईज युनियन' विरुद्ध 'हिंदुस्तान लिव्हर लिमिटेड' हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ऑक्टोबर १९९४ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. कायद्याचे विद्यार्थी तो आजही विलीनीकरणाचा पायाभूत निवाडा म्हणून वाचतात. मला त्यात रस वेगळ्या कारणाने आहे. हीच ती शिवडीची संघटना, जिने काही वर्षे आधी स्वतः एका वस्तूला नाव दिले होते.

१९८८-८९ मध्ये शिवडीच्या कारखान्यात टाळेबंदी होती आणि ती जवळजवळ वर्षभर चालली. ठाकुर्ली, डोंबिवली, कल्याणकडून धीम्या गाडीने कुर्ल्याला उतरायचे, हार्बरची गाडी पकडायची आणि शिवडीला जायचे, हा असंख्य कामकऱ्यांचा रोजचा रस्ता. गिरण्यांचा संप फसून फार वर्षे झाली नव्हती आणि 'टाळेबंदी' या शब्दाचा अर्थ मुंबईत कोणाला समजावून सांगावा लागत नव्हता. या कामगारांनी तेव्हा एक गोष्ट केली. धुण्याची पावडर कशी बनते हे त्यांना ठाऊक होतेच. त्यांनी ती बाहेर बनवली आणि विकली. तिचे नाव ठेवले 'लॉक-आउट'.

हे नाव मी वर्गात फळ्यावर लिहितो तेव्हा विद्यार्थी आधी हसतात. मग आपण त्याच्याकडे सनलाइट, लक्स, सर्फ, रिन यांच्या रांगेत ठेवून पाहतो. ती सगळी नावे उजेडाची, चैनीची, फेसाची, स्वच्छतेची. वस्तू कुठे बनली, कोणी बनवली, यातले काहीही त्या नावांना सांगायचे नसते. किंबहुना ते विसरायला लावणे हेच त्यांचे काम. 'लॉक-आउट' हे त्या रांगेतले एकच नाव, ज्यात कारखान्याचे दार दिसते. वापरणाऱ्या बाईच्या कपड्यांविषयी ते एक अक्षर बोलत नाही. जाहिरातीच्या व्याकरणाप्रमाणे ते अत्यंत वाईट नाव आहे. टाळेबंदी उठल्यावर त्या पावडरीचे प्रयोजनही संपले. 'निरमाचा सर्फ' मागणाऱ्या माझ्या वाण्याकडे ती कधी आली नाही आणि मराठीत तिचे सामान्यनाम झाले नाही.

त्यानंतरचे थोडक्यात सांगता येईल. २००३ साली लिव्हरने 'डालडा' बंज या दुसऱ्या बहुराष्ट्रीय कंपनीला विकला. धान्य आणि तेलाच्या व्यापारातली ही पेढीही मुळात हॉलंडमध्येच स्थापन झालेली, म्हणजे शब्द एका परीने आजोळी परतला. पण मधला 'ल' कोणी काढून घेतला नाही. विक्रीच्या करारात डब्यात साबुदाणा भरण्याचा अर्थ, टमरेलाचा अर्थ, 'डालड्यावर वाढलेली पिढी' हा अर्थ यांचा उल्लेख असण्याचे कारण नव्हते. शिवडीचा कारखाना २००६ च्या सुमारास बंद झाला. १९७५ साली आलेल्या 'फेअर अँड लव्हली'मधले 'फेअर' २०२० मध्ये कंपनीने स्वतःच काढून टाकले. आमच्याकडची औषधविक्रेती बाई अजून जुन्याच नावाने ती ट्यूब काढून देते.

आमचे ठाकुर्लीचे घर इमारत नव्याने बांधण्यासाठी रिकामे केले, तेव्हा भंगारवाल्याने सगळे पत्र्याचे डबे एका पोत्यात भरले. त्यातला एक आईने परत मागून घेतला. वडिलांनी त्याला कधीतरी तळाशी भोके पाडून वरून हिरवा रंग फासला होता. आता तो नव्या घराच्या खिडकीत, जाळीच्या आत आहे. त्यात तुळस आहे. ऊन लागून रंगाचे पोपडे सुटले आहेत आणि एका बाजूने त्याखालचे माडाचे झाड अर्धे दिसू लागले आहे.